दुखणं विचारा, पण सूजही मोजा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व फॅमिली डॉक्टर, फिजिशियन, सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजी लॅबचालक

सन्माननीय डॉक्टर मंडळी,

स. न. वि. वि.

क्रोन्स हा आतड्याचा आजार असलेल्या एका तरुणाची मी थोरली बहीण. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. भाऊ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करतो. कुणा एका डॉक्टरांची तक्रार करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. तुमच्यातल्या कित्येकांनी आमचे फोन रात्री उशिराही उचलले आहेत, फी न घेता रिपोर्ट वाचून दाखवले आहेत. त्याच भरवशावर एक मागणी करते. क्रोन्सच्या पेशंटला "आता कसं वाटतंय?" एवढंच विचारून पुढचं औषध ठरवू नका. आतड्याची सूज मोजा, आलेला आकडा कागदावर लिहा आणि ठरावीक अंतराने तो पुन्हा काढा.

ब्लडप्रेशरच्या पेशंटला डोकं दुखतंय का एवढं विचारून कुणीही गोळी बंद करत नाही, हाताला पट्टा बांधूनच बघतात. क्रोन्सच्या बाबतीत मात्र जुलाब थांबले आणि जेवण जायला लागलं की आजार आटोक्यात आला असं धरलं जातं. या आजारात लक्षणं आणि सूज यांची जोडी बऱ्याचदा फुटलेली असते. पोट शांत असताना आतड्याच्या भिंतीत व्रण खोल जात राहू शकतात. उलट सूज पूर्ण गेलेल्या माणसालाही जुलाब होत राहू शकतात. कधी आतडं चिडखोर झालेलं असतं, कधी ऑपरेशननंतर पित्तरस नीट शोषला जात नाही. पहिल्या माणसाला औषध कमी पडतं, दुसऱ्याला विनाकारण स्टेरॉईड मिळतं.

आपल्याकडे पोट बिघडलं की पहिला संशय जेवणातल्या तिखटावर जातो. भावाचंही तसंच झालं. आधी तांबडा रस्सा बंद, मग जंताचं औषध, मग आमांशाचं, मग आम्लपित्ताचं, आणि शेवटी "टेन्शन घेऊ नकोस". तोपर्यंत त्याच्या पँटला दोरी बांधायची वेळ आली होती. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. हिमोग्लोबिन उतरलं होतं. त्या काळात एकदा रक्तातलं सीआरपी तपासलं, ते नॉर्मल आलं, आणि "आत सूज नाही" असं सांगून आयबीएसच्या, म्हणजे चिडखोर आतड्याच्या, गोळ्या सुरू झाल्या.

सीआरपीची मर्यादा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हे पत्र पेशंटही वाचतील, म्हणून लिहिते. हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही जोराची सूज आली की काही तासांत चढतं आणि कारण गेलं की झपाट्याने उतरतं. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तासांचं आहे. तपासणी चांगली आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होते. पण काही माणसांचं सीआरपी आतड्यात व्रण असतानाही वाढत नाही, आणि आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागापुरता असला तर हे अधिक घडतं. वाढलं तरी सूज आतड्यातलीच आहे हे त्यावरून कळत नाही, कारण दाताला गळू झालं तरी ते चढतं. म्हणून वजन घटलेल्या, हिमोग्लोबिन उतरलेल्या तरुण पेशंटचं सीआरपी नॉर्मल आलं तर शोध तिथेच थांबवू नका.

अशा वेळी एक तपासणी लिहून द्या, ती म्हणजे शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल या पेशींच्या द्रवात विरघळलेल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वाटा या एका प्रथिनाचा असतो. आतड्याच्या अस्तराला सूज आली की या पेशी तिथे जमतात, अस्तरातून आतड्याच्या पोकळीत उतरतात, आणि प्रथिन शौचाबरोबर बाहेर पडतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी १९८०च्या सुमारास हे प्रथिन वेगळं काढलं आणि पुढच्या दशकात ते शौचातून मोजायची पद्धत बसवली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये आयबीएस आणि आतड्याचा दाह यांत फरक करायला ही तपासणी वापरावी अशी शिफारस केली. निकाल मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम या एककात येतो. ५०च्या खाली असेल तर आतड्यात सूज असण्याची शक्यता फार कमी. २५०च्या वर गेला तर सूज शोधायलाच हवी. मधला आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायची.

या तपासणीलाही कुंपण आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी आकडा वाढतो. दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाच्या खिशात कंबरेची गोळी असतेच, आणि मुद्दाम विचारल्याशिवाय तो ती सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसतं. जंतुसंसर्गाच्या जुलाबात आकडा वाढतो, आतड्याच्या टीबीतही वाढतो. म्हणजे क्रोन्स की टीबी हा प्रश्न या आकड्याने सुटत नाही. फक्त लहान आतड्यात आजार असेल तर मोठ्या आतड्याच्या मानाने आकडा कमी दिसू शकतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे एका पेशंटची तपासणी दरवेळी एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर व्हायला हवी. एवढं सांभाळलं तर भूल नाही, पोट साफ करायचं औषध नाही, रजा नाही, आणि सूज चढतेय की उतरतेय हे दर तीन-चार महिन्यांनी कळतं. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त बोलते. आठ महिने शंभरच्या आत असलेला पेशंट अचानक सहाशेवर गेला, तर पोट दुखत नसलं तरी त्याला बोलावून घ्यायला हवं.

लॅबचालकांना इथे वेगळी विनंती आहे. हे प्रथिन शौचातल्या जंतूंना सहजासहजी मोडता येत नाही, त्यामुळे नमुना साध्या तापमानालाही काही दिवस टिकतो. चंदगडचा पेशंट यासाठी शंभरेक किलोमीटर एसटीने कोल्हापूरला यायची गरज नाही. चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी इथल्या तुमच्या कलेक्शन सेंटरवर डबी घ्या आणि पुढे पाठवा. डबी देताना किती नमुना घ्यायचा, सकाळचा पहिला घेतलेला बरा, गेल्या काही दिवसांत दुखण्याची कोणती गोळी घेतली, हे मराठीत छापलेल्या चिठ्ठीवर विचारा. शौचाची डबी काउंटरवर ठेवताना लोकांना, विशेषतः बायकांना, फार अवघड वाटतं. बंद पाकीट दिलं तरी ती अडचण निम्मी होते. माझ्या माहितीतल्या एका मुलीने तीन वेळा लिहून दिलेली तपासणी केवळ या संकोचापायी केली नाही.

आता टीबीकडे येते, कारण आपल्या भागात क्रोन्सची खरी कोंडी तिथे होते. दोन्ही आजारांची आवडती जागा एकच, पोटात उजवीकडे खाली, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं. दोन्हींत वजन घटतं, बारीक ताप येतो, व्रण पडतात, आतडं अरुंद होतं. आतड्याचा तुकडा काढून तपासला तर दोन्हींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींची बारीक गाठ, दिसू शकतो. तुकड्यावर टीबीचे जंतू शोधणारी जीन एक्स्पर्ट तपासणी केली आणि ती निगेटिव्ह आली, तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. शिवाय टीबीच्या पेशंटला चुकून स्टेरॉईड किंवा बायोलॉजिक ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर टीबी उसळतो. त्यामुळे शंका असताना आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करणं समजण्यासारखं आहे. त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात कसलाही राग नाही.

राग आहे तो पुढे कुणीच न पाहण्याचा. एकेटी सुरू झाल्यावर भावाला बरं वाटलं. भूक लागली, ताप गेला. क्रोन्सच्या पेशंटपैकी काहींना एकेटीवर काही काळ असं बरं वाटतं, हे भारतातल्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. व्रण मात्र भरत नाहीत. टीबी असेल तर दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा आतड्यात दुर्बीण घातल्यावर (कोलोनोस्कोपी) व्रण भरू लागलेले दिसतात, सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिनही उतरू लागतात. भावाच्या बाबतीत दोन महिन्यांनी कुणी काही मोजलं नाही. "बरं वाटतंय ना? मग कोर्स पूर्ण कर" एवढंच सांगण्यात आलं. सहा महिन्यांचा कोर्स संपला, तो वाढवण्यात आला, आणि वाढीव कोर्स चालू असतानाच एका रात्री पोट फुगून हिरवी उलटी सुरू झाली. लहान आतड्याचा शेवटचा भाग इतका अरुंद झाला होता की तो कापून काढावा लागला. काढलेल्या तुकड्यावर क्रोन्सचं निदान पक्कं झालं. वेळेवर दुर्बीण झाली असती तर ऑपरेशन टळलंच असतं असा दावा मी करत नाही, पण दोन महिन्यांनंतर काय दिसलं असतं हे आम्हाला कायमचं कळायचं राहून गेलं. म्हणून सांगते, क्रोन्स की टीबी या शंकेत एकेटी सुरू करताना, त्याच दिवशी, दोन महिन्यांनंतरच्या कोलोनोस्कोपीची तारीख केसपेपरवर घाला. पेशंट तेव्हा म्हणेल की मला बरं आहे, दुर्बीण कशाला. त्याला त्या तारखेचं कारण आधीच समजावलेलं असेल तर तो येईल.

कोलोनोस्कोपीबद्दलही थोडं. क्रोन्समध्ये दुर्बीण लहान आतड्याच्या टोकात शिरली की नाही हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं पाहिजे. नसेल शिरली तर का, तेही लिहा. "पूर्वीपेक्षा बरीच सुधारणा" या वाक्याचा मिरजेच्या किंवा पुण्याच्या पुढच्या डॉक्टरांना काही उपयोग होत नाही. २००४ सालापासून एसईएस-सीडी नावाचा सोपा गुणांक उपलब्ध आहे. आतड्याचे पाच भाग धरायचे आणि प्रत्येक भागात व्रण किती मोठे, किती जागा व्रणांनी व्यापली, किती जागेवर आजार आहे आणि आतडं अरुंद झालंय का, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. व्रण अर्धा सेंटिमीटरपेक्षा लहान, दोनपर्यंत की दोनच्या वर, हे तुम्ही दुर्बिणीतून पाहताच. तेवढं कागदावर आलं तर एका वर्षाची तुलना दुसऱ्या वर्षाशी होऊ शकते. ऑपरेशन झालेल्यांसाठी १९९०चा रुटगीर्ट्स गुणांक आहे. जोडलेल्या जागी आजार परततो तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून सहा महिने ते वर्षाच्या आत दुर्बीण घालून पाहायची असते. टाके काढले, जखम भरली, आता परत यायचं कारण नाही, असं आम्हाला सांगितलं होतं.

सर्जन मंडळींना एक वेगळी आठवण करून देते. विशी-तिशीतल्या माणसाला भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल, तर जागेवर उपचार करताना आतडंही एकदा तपासा. क्रोन्स कधी कधी तिथूनच तोंड दाखवतो.

दुर्बीण आतड्याची फक्त आतली बाजू दाखवते. क्रोन्सची सूज मात्र भिंतीच्या आरपार असते. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी या आजाराचं वर्णन केलं तेव्हाही जाडजूड, अरुंद झालेली भिंत हीच त्यातली ठळक गोष्ट होती. ती भिंत पाहायचं एक साधन आपल्या जिल्ह्यात जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे, आणि याबाबतीत ते फारसं वापरलं जात नाही. ते म्हणजे सोनोग्राफी.

रेडिओलॉजिस्ट मंडळींशी म्हणूनच जरा जास्त बोलायचं आहे. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं यांची मापं असतात, आतड्यांसाठी मात्र "गॅस आहे" एवढीच ओळ असते. उच्च वारंवारितेचा लिनिअर प्रोब उजव्या कुशीत हळूहळू दाबत नेला, तर लहान आतड्याच्या टोकाची भिंत दिसते आणि मोजता येते. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी हे सुजेचं लक्षण धरतात. भिंतीचे थर वेगळे दिसतात की मिसळून गेलेत, डॉपलरवर रक्तप्रवाह वाढलाय का, बाजूची चरबी सुजली आहे का, आतडं कुठे अरुंद होऊन मागे फुगलंय का, हे सगळं त्याच बैठकीत कळतं. ब्रिटनमध्ये झालेल्या मेट्रिक या अभ्यासात, २०१८ मध्ये, लहान आतड्यात क्रोन्स आहे की नाही हे ओळखण्यात एमआरची (चुंबकीय स्कॅनची) संवेदनशीलता, म्हणजे असलेला आजार पकडण्याचं प्रमाण, ९७ टक्के आणि सोनोग्राफीची ९२ टक्के निघाली. आजार किती लांब पसरलाय हे सांगण्यात एमआर सरस ठरली, ८० विरुद्ध ७० टक्के. म्हणजे पहिल्या निदानाला आणि ऑपरेशनच्या आधी एमआर घ्यावी, आणि मधल्या काळात औषध लागू पडतंय का हे पाहायला सोनोग्राफी वापरावी. स्थूल माणसात आणि ओटीपोटातल्या खोल भागात ती कमी पडते, हे खरं.

युरोपात कित्येक ठिकाणी पोटविकारतज्ज्ञ स्वतःच ओपीडीत प्रोब ठेवून पाहतात. आपल्याकडे १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने प्रत्येक मशीनची आणि ते चालवणाऱ्याची नोंद लागते. ती लागलीच पाहिजे. याच कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं सायलेंट ऑब्झर्व्हर हे यंत्र बसवण्याचा प्रयोग झाला होता, आणि एक बाई म्हणून मला त्याचं मोल ठाऊक आहे. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात हे काम तुम्हालाच करावं लागणार. आतड्याच्या भिंतीचं माप घेणं शिकायला थोडा सराव लागतो. तुमच्या संघटनेच्या एखाद्या बैठकीत एक दुपार या विषयाला द्या. पेशंट हवे असतील तर माझा भाऊ आणि आमच्या ओळखीचे आणखी काही जण येऊन झोपायला तयार आहेत. जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहा, आतड्याच्या कोणत्या भागात ते लिहा, बस्स.

सीटीबद्दल एवढंच म्हणते की पोट फुगून रात्री आलेल्या पेशंटला ती लागतेच. पण पंचविशीतल्या माणसाला हा आजार जन्मभर सांभाळायचा असतो, म्हणून ठरवून केलेल्या तपासणीसाठी दरवेळी किरणोत्सर्गाचा डोस नको. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देण्याआधी आतडं अरुंद नाही याची खात्री करा, नाहीतर ती आतच अडकते.

मोजून उपचार केल्याने फरक पडतो का, असं तुमच्यातल्या काहींनी मला विचारलंय. २०१७ साली लॅन्सेटमध्ये 'काम' (CALM) नावाची चाचणी छापून आली. २४४ पेशंट होते आणि दोन्ही गटांना औषधं तीच होती. एका गटात लक्षणांबरोबर कॅलप्रोटेक्टिन आणि सीआरपी पाहून डोस वाढवला, दुसऱ्यात फक्त लक्षणं आणि स्टेरॉईडची गरज पाहून. ४८ आठवड्यांनी पहिल्या गटात ४६ टक्के पेशंटचं अस्तर भरून आलं होतं, दुसऱ्यात ३० टक्के. औषध बदललं नव्हतं, कशाकडे बघून ते वाढवायचं एवढंच बदललं होतं. २०२१च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनीही पायऱ्या ठरवल्या आहेत. आधी लक्षणं कमी व्हावीत, मग सीआरपी नॉर्मल आणि कॅलप्रोटेक्टिन १०० ते २५०च्या आत यावं, आणि शेवटी दुर्बिणीत व्रण भरलेले दिसावेत.

खर्चाचं मला माहीत आहे. कॅलप्रोटेक्टिन स्वस्त नाही, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर करायच्या तपासण्या पेशंटच्या खिशातूनच जातात. आतडं कापायला योजनेतून पैसे मिळतात आणि ते कापायची वेळ येऊ नये म्हणून करायच्या तपासणीला मिळत नाहीत, ही गोष्ट शासनापर्यंत तुमच्या संघटनेने न्यायला हवी. माझ्यासारख्या शिक्षिकेच्या अर्जापेक्षा तुमच्या लेटरहेडला वजन आहे. आरोग्य विभागाला निवेदन देणार असाल तर मसुदा मी लिहून देते, आणि आमच्या ओळखीच्या पेशंटच्या सह्याही गोळा करते.

तोवर एक काम उद्यापासून करता येईल, आणि त्याला पैसे लागत नाहीत. क्रोन्सच्या पेशंटच्या फाईलला आतून एक तक्ता चिकटवा. तारीख, वजन, हिमोग्लोबिन, सीआरपी, कॅलप्रोटेक्टिन, सोनोग्राफीतली भिंतीची जाडी, दुर्बिणीचा गुणांक, चालू औषध. भावासाठी मी असा तक्ता मराठीत करून घेतला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मागावा, झेरॉक्स पाठवते.

कळावे,

आपली नम्र,
एका क्रोन्स रुग्णाची बहीण
ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर